पंपताई आणि तिची डॉक्टर जाऊ

हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी सगळे उभे असतात. बसलेली असते ती एकटी पंपताई.

टेबलापासून दोन पावलांवर तिचं फिरतं स्टूल, आणि समोर चाकांवरच्या कपाटाएवढं मशीन. त्या स्टुलावर तिची सतरा वर्षं गेली होती. हॉस्पिटलमध्ये सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला पंपताईच म्हणत. घरी ती थोरली सून, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू.

थोरलीला डॉक्टर व्हायचं होतं. दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा यादी तिच्या नावाच्या जरा वरच संपली. वडील नळजोडणीची कामं करायचे. ते म्हणाले, "डॉक्टर नाही तर नाही, डॉक्टरच्या शेजारी तर उभी राहशील." मग तिनं हार्ट-लंग मशीन चालवायचा कोर्स केला, पहिली आली आणि कामाला लागली. मनाला लावून घेतलं नाही असं तिनं एकदा सगळ्यांना सांगून टाकलं. त्यामुळे नंतर कोणी विचारलंही नाही.

काम तसं सांगायला सोपं. ऑपरेशन करायचं तर हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीरातलं रक्त नळीनं बाहेर आणायचं, मशीनमध्ये त्याला प्राणवायू द्यायचा आणि दुसऱ्या नळीनं परत पाठवायचं. पाठवायचं काम पंप करतो, त्यात फारसं काही नाही. खरी कसोटी आणण्यात. जुनी पद्धत म्हणजे टेबल उंच आणि रक्ताची टाकी खाली. पिंपातलं पाणी नळीनं बादलीत उतरवावं तसं रक्त आपल्या वजनानं उतरत येतं. नळीला पीळ पडला, मध्ये हवा अडकली की धार बारीक होते. टाकी रिकामी होऊ लागली की परत पाठवायलाही काही उरत नाही. थोरली टाकीतली पातळी न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायची. मोठे डॉक्टर, म्हणजे तिथले मुख्य सर्जन, तिला कधी "रक्त येतंय का?" असं विचारत नसत. पंपताई गप्प आहे म्हणजे येतंय, असा त्यांचा हिशेब.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दिरानं लग्न ठरवलं. मुलीला घरी घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, ही तुमच्याच लाइनमधली."

ती हृदयाची सर्जन होती.

तुमच्याच लाइनमधली. थोरलीनं हसून तिला पाणी दिलं. पण ते दोन शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले ते अडकलेच.

लग्न झालं. सासूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगू लागल्या, "आमच्या घरात आता डॉक्टर आली." थोरली त्या घरात पंधरा वर्षं होती, तिच्याबद्दल सांगताना त्या फक्त "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच म्हणायच्या. दर रविवारी सकाळी थोरली सासूबाईंचं ब्लडप्रेशर बघायची. लग्नानंतरच्या चौथ्या रविवारी ती मशीन घेऊन खोलीत गेली, तर सासूबाईंनी बाही आधीच खाली केलेली.

"एकशे तीस आहे," त्या म्हणाल्या. "तिनं बघितलं."

"मी परत बघते ना."

"कशाला? तिनं बघितलंय म्हटलं ना."

थोरलीनं पट्टा गुंडाळून मशीन कपाटात ठेवलं. त्या दिवशी तिनं नवऱ्याला तीन वेळा उगाचच फटकारलं. नवरा जमीन मोजणीच्या खात्यात होता, हद्दीच्या भांडणांत त्याचा जन्म गेलेला. त्यानं वर्तमानपत्र वर धरलं आणि म्हणाला, "मी यात पडत नाही."

धाकटी वाईट असती तर किती बरं झालं असतं. पण ती वाईट नव्हती. ऑपरेशनहून थकून आली तरी भांडी विसळायला उभी राहायची. करपवलेल्या ऑम्लेटला स्वतःच हसायची. "ताई, ताई" करत थोरलीच्या मागेमागे असायची. द्वेष करायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ही बया ते देतच नव्हती. थोरलीला त्याचाही राग यायचा.

वर्षभरानं धाकटी त्याच हॉस्पिटलमध्ये रुजू झाली. पहिल्या दिवशी थिएटरमध्ये थोरली तिला म्हणाली, "या मॅडम."

"ताई, मॅडम काय म्हणता? घरी तर तू म्हणता."

"घर घरी. इथं तुम्ही मॅडमच."

हे तिनं इतक्या गोड आवाजात म्हटलं, की ऐकणाऱ्यांना वाटलं, काय छान आहेत या जावाजावा.

धाकटी नवी पद्धत शिकून आली होती. छाती मधोमध न उघडता बरगड्यांच्या मधून चार बोटांचा छेद घ्यायचा. पेशंट लवकर हिंडूफिरू लागतो. पण तेवढ्याशा छेदातून रक्त आणायची जाड नळी कशी जाणार? ती मग मांडीच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत सरकवायची, लांब आणि बारीक. बारीक नळीतून रक्त नुसत्या वजनानं पुरेसं उतरत नाही, म्हणून टाकी हवाबंद करून तिला हलकंसं ओढायला लावायचं. स्ट्रॉनं सरबत ओढतात, तसं.

थोरलीनं विरोध केला. नळीत हवा खेचली जाऊ शकते, रक्तपेशी फुटू शकतात, टाकीची झडप बिघडली तर काय, असं सगळं कागदावर लिहून तिनं मोठ्या डॉक्टरांना दिलं. एकही मुद्दा खोटा नव्हता. फक्त विरोधाचं खरं कारण त्या कागदावर कुठं नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मुद्दे बरोबर आहेत. म्हणूनच हे तुम्हीच करायचं. काट्यावर ओढ चाळीसच्या वर न्यायची नाही, एवढं पाळा."

तिनं चार दुपारी नुसत्या पाण्यावर सराव केला. आणि तिच्या लक्षात आलं की हे तिला जमतंय, नुसतं जमतंय असं नाही, फार चांगलं जमतंय. सहाव्या ऑपरेशनच्या वेळी तिला एक गोष्ट सापडली. ती सवयीनं नळीवर तळहात ठेवून बसली होती. एकाएकी नळीला बारीक थरथर आली, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यावर लागते तशी. आकडे अजून ठीक होते. आठ-दहा सेकंदांनी धार कमी झाली. पुढच्या वेळी थरथर लागताच तिनं ओढ वाढवायच्या ऐवजी कमी केली, तर धार मोठी झाली. कारण सरळ होतं. जास्त ओढलं की शिरेची भिंतच नळीच्या भोकांवर येऊन चिकटते. सैल सोडलं की ती सुटते आणि रक्त वाहू लागतं. पुस्तकांत हे असणारच. पण आकडा हलायच्या आधी हाताला कळतं, हे तिचं स्वतःचं होतं.

ते तिनं कोणालाही सांगितलं नाही. तिचे दोन सहकारी होते, त्यांनाही नाही. एकदा घरी भांडी पुसताना धाकटीनंच विषय काढला.

"ताई, तुम्ही पंपावर असलात की रक्त कसं मस्त येतं. परवा दुसरे होते, नुसता वैताग. काय करता तुम्ही?"

"काही नाही. सवयीचा भाग," थोरली म्हणाली आणि ताटली रॅकमध्ये ठेवून दिली.

हे असं आठ महिने चाललं. मग ती सकाळ आली.

सासूबाईंची एक जुनी मैत्रीण गावाहून राहायला आली होती. नाश्त्याच्या टेबलावर तिनं विचारलं, "दोघी एकाच हॉस्पिटलमध्ये म्हणे?" सासूबाई पावाला लोणी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो. धाकटी ऑपरेशन करते, आणि थोरली तिच्या हाताखाली मशीन चालवते."

धाकटी लगेच म्हणाली, "हाताखाली नाही हो आई, त्या..."

"असू दे," थोरली म्हणाली. "उशीर होतोय."

धाकटीनं बाजू घेतली, त्यानं तर जखमेवर मीठच पडलं.

त्या दिवशीची पेशंट बावन्न वर्षांची होती. शाळेची बस चालवायची. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, ती दुरुस्त करायची होती. सव्वादहाला मशीन सुरू झालं. हृदय थांबवलं. ओढ पस्तीसवर होती आणि रक्त छान येत होतं. अर्ध्या तासानं धाकटीनं हृदयाच्या आतला पडदा बाजूला ओढून धरला, त्यानं नळी किंचित हलली असावी. धार कमी झाली आणि धाकटीच्या समोर रक्त साचू लागलं. तिला झडप दिसेना.

"रक्त नीट येत नाहीये," ती म्हणाली. "ओढ वाढवा."

"चाळीस केली."

"अजून."

थोरलीचा तळहात नळीवरच होता. थरथर तिला स्पष्ट लागत होती. वाढवून काही होणार नाही, उलट बिघडेल, हे तिला जेवढं पक्कं माहीत होतं तेवढं त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही नव्हतं. 'मॅडम, कमी करून बघू' एवढंच म्हणायचं होतं.

"किती करू मॅडम?" तिनं विचारलं.

"साठ करा."

"साठ," थोरली म्हणाली आणि तिनं साठ केली.

नळी आता डोळ्यांना दिसेल अशी फडफडू लागली. टाकीतली पातळी उतरत चालली. टाकी रिकामी पडू नये म्हणून थोरलीनं परत पाठवायचा वेगही उतरवला, मिनिटाला साडेचार लिटरवरून साडेतीन, मग अडीच. हे सगळं ती नियमाप्रमाणे करत होती. फक्त बोलत नव्हती. मास्कच्या वर धाकटीचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत थोरलीनं पहिल्यांदाच भीती पाहिली. आणि सांगायला लाज वाटते असं तिला बरं वाटलं. बघ म्हणावं, कोण कोणाच्या हाताखाली आहे.

"प्रेशर खाली चाललंय," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "पंपताई?"

तेव्हा ती भानावर आली. टाकीत पेलाभर रक्त उरलं होतं. पातळीचा अलार्म वाजू लागला. तिनं ओढ एकदम पंचवीसवर आणली आणि म्हणाली, "मॅडम, हातातला पडदा जरा सैल सोडा." धाकटीनं सोडला. नळी शांत झाली. रक्त भळाभळा आलं. पातळी चढली, वेग परत साडेचारावर गेला. धाकटीच्या समोरची जागा कोरडी झाली आणि झडप लख्ख दिसू लागली.

"वा पंपताई," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "वाचवलंत."

पुढचं ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. दुपारी नोंदीचा कागद भरताना थोरलीनं मशीनच्या मेमरीत साठवलेले आकडे काढले. साठवर चौतीस सेकंद. तिनं ते जसेच्या तसे लिहिले.

त्या संध्याकाळी धाकटीनं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या समोर सांगितलं, "आज ताई नसत्या तर माझं काही खरं नव्हतं. मी चुकीचं सांगत होते, त्यांनी सांभाळून घेतलं." सासूबाई पहिल्यांदाच थोरलीकडे नीट वळून बघत म्हणाल्या, "हो का गं?" मैत्रीणबाईंनी मान डोलावली. इतकी वर्षं ज्या कौतुकाची वाट बघितली ते समोर वाढलेलं होतं आणि थोरलीला एक घास गिळवेना. ती डोकं दुखतंय म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं, बस चालवणारी बाई अजून नीट शुद्धीवर आलेली नाही. डोळे उघडते, पण बोलत नाही. भूलवाले म्हणाले, काहींना वेळ लागतो, काळजीचं कारण नाही. थोरली आयसीयूच्या काचेबाहेर जाऊन उभी राहिली. सतरा वर्षांत ती कधी इकडे आली नव्हती. तिच्या दृष्टीनं पेशंट म्हणजे दोन नळ्यांचं पलीकडचं टोक. बाईचे हात चादरीवर होते, स्टिअरिंग धरून धरून घट्टे पडलेले. चौतीस सेकंदांनी काही होत नसतं, असं थोरली स्वतःला सांगत राहिली. होत नसेलही. पण ते चौतीस सेकंद तिनं दिले होते, आणि कशासाठी दिले ते तिला माहीत होतं.

दुपारी तीनच्या सुमारास बाई बोलली. माझ्या रूटवर कोणाला घातलंय, असं तिनं नर्सला विचारलं. थोरली तिथंच बाकावर बसून रडली.

डोळे पुसून ती तशीच धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी उभ्याउभ्या चहा पीत होती.

"तू साठ म्हणालीस ना, तेव्हा मला माहीत होतं," थोरली म्हणाली. हॉस्पिटलमध्ये ती पहिल्यांदाच तिला तू म्हणत होती.

"काय माहीत होतं?"

"की उलटं होणार. हाताला लागत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी फजिती बघायची होती."

धाकटीनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "किती वेळ?"

"चौतीस सेकंद. कागदावर आहे."

"माझ्यावर राग होता तर माझ्या कानाखाली द्यायची होती, ताई. घर होतं की त्यासाठी. ती बाई मध्ये कुठून आली?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी कालपासून सगळ्यांना तुमचं कौतुक सांगत फिरतेय."

"म्हणूनच आले."

"कौतुक केलं नसतं तर आला नसतात?"

थोरली खरं तेच बोलली, "माहीत नाही."

"मी हे मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहे."

"सांग. मीही येते."

दोघी गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. थोरलीला त्यांनी तीन महिने मशीनवरून खाली उतरवलं. ती सामान लावेल, नळ्या जोडेल, पण स्टुलावर दुसरं कोणी बसेल. धाकटीलाही सोडलं नाही. "चाळीसची मर्यादा मी घालून दिली होती. तुम्ही साठ कुणाला विचारून म्हणालात? समोरचा गप्प का आहे, असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही?" त्या दिवसापासून थिएटरमध्ये नियम झाला. ओढ बदलायची तर आधी पंपावर कोण बसलंय त्याला विचारायचं, आणि त्यानं काय वाटतं ते मोठ्यानं सांगायचं. गप्प बसणं हीही चूकच धरली जाईल.

घरी तीन महिने दोघींच्या तोंडाला कुलूप होतं. सासूबाईंना कळेना. "काय बिनसलंय यांचं?" त्या आपल्या दोन्ही मुलांना विचारायच्या. धाकटीनं घरात एक अक्षर सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ते थोरलीच्या लक्षात आलं. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर हिचं मनही माझ्यापेक्षा मोठं. धाकटीचा चांगुलपणाही तिला खुपला. ती स्वतःवरच चिडली, पण खुपायचं ते खुपलंच. मत्सर काही शिक्षा भोगून संपत नाही.

तीन महिन्यांत मात्र एक झालं. स्टुलावर बसणाऱ्या दोन्ही सहकाऱ्यांना तिनं नळीवर तळहात ठेवायला शिकवलं. आधी शिरेच्या जागी पातळ रबरी पिशवी लावून पाण्यावर, मग रक्तावर. एकाला चार दिवसांत लागलं. दुसऱ्याला काही केल्या लागेना, त्यानं बिचाऱ्यानं शेवटी नळीला कान लावला, तर त्याला ऐकू आलं. एका दुपारी पाण्याचा सराव चालू असताना धाकटी दारात येऊन उभी राहिली. थोरली थांबली.

"मला दाखवाल?" धाकटीनं विचारलं.

"या मॅडम."

"ताई."

"बरं, ये."

थोरलीनं तिचा हात धरून नळीवर ठेवला आणि ओढ हळूहळू वाढवली. बत्तीस. छत्तीस. एकोणचाळीस.

"लागलं?"

"नाही."

"घाई करू नकोस. अंगठा उचल. तळवा ठेव नुसता."

"आता... हां. हे का? हे तुम्हाला तेव्हा लागत होतं?"

"हो."

धाकटीनं हात काढून घेतला नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला एकदा. भांडी पुसताना."

"आठवतंय मला."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी साठ म्हणालेच नसते."

"तेही माहीत आहे."

माफीही मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. दोघी जावा पाण्यानं भरलेल्या नळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आळीपाळीनं आकडे लिहून काढत राहिल्या.

थोरली परत स्टुलावर बसली तेव्हा पहिली केस धाकटीचीच होती. त्यानंतर त्या दोघींनी शंभराहून जास्त ऑपरेशनं एकत्र केली. त्यांची भांडणं आता थिएटरमध्येच, मोठ्यानं होतात. "कमी करते," "नको, दोन मिनिटं थांबा," "थांबत नाही, पातळी बघ," असं. नव्या नर्सेसना आधी धडकी भरते, मग सवय होते.

गेल्या वर्षी हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्यांचं एक संमेलन भरलं. दोघींनी मिळून हे नळीवरच्या हाताचं आणि आकड्यांचं काम मांडायचं ठरवलं. आकडे थोरलीचे, तक्ते धाकटीचे. सुरुवात धाकटीनं केली. ती फार छान बोलली, न बघता, मध्येच एक विनोद करून. मग तिनं थोरलीला पुढं बोलावलं. कागदावरून नजर न उचलता थोरली अकरा मिनिटं बोलली आणि एकदा पानांची अदलाबदल झाली. टाळ्या दोघींनाही पडल्या. पण नंतर लोक धाकटीच्या भोवती जमले आणि थोरली चहाचा पेला घेऊन खांबाशी उभी राहिली.

परतताना गाडी धाकटी चालवत होती. निम्मं अंतर गेल्यावर थोरली म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय."

धाकटीनं वळून पाहिलं. "गाडी थांबवू?"

"तसलं नाही गं. तू छान बोललीस म्हणून."

धाकटीनं रस्त्यावर नजर ठेवली. गालातल्या गालात हसली असावी, अंधुक उजेडात नीट दिसलं नाही. "मग पुढच्या वेळी सुरुवात तुम्ही करा."

"करणारच आहे," थोरली म्हणाली. "आणि विनोदही मीच करणार."